ॲबटला ठाऊक होते काय?

विज्ञानपटातील एका परग्रहवासीयाच्या मृत्यूविषयी संशोधनपत्रिकेत लिहावे काय, हा संकोच मला हा लेख सुरू करण्यापूर्वी वर्षभर तरी अडवीत होता. मराठी विभागांतून चित्रपट हा विषय आता निषिद्ध राहिलेला नाही, हे खरे. तथापि तो साहित्यकृतीवर आधारलेला, मराठीतला आणि शक्यतो जुना असेल तरच त्याला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा लाभते, असा माझा अनुभव आहे. संकोचाचे दुसरे कारण खासगी आहे. ते लेखाच्या ओघात येईलच.

२०२३ च्या पावसाळ्यात एम. ए. च्या वर्गाला भाषांतरमीमांसा शिकवीत असताना मी विद्यार्थ्यांना 'अरायव्हल' हा चित्रपट दाखविला. डेनी व्हिलनव्ह यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. टेड चियांग या अमेरिकन लेखकाच्या 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' या १९९८ च्या दीर्घकथेवर तो आधारलेला असून पटकथा एरिक हायसरर यांची आहे. अनोळखी भाषा उलगडत जाण्याची प्रक्रिया हाच ज्याचा मुख्य कथाभाग आहे, असे चित्रपट थोडे. वर्गासाठी याहून सोयीचे उदाहरण मला सापडले नसते.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. जगात बारा ठिकाणी प्रचंड आकाराची काळी याने येऊन अधांतरी थांबतात. त्यांपैकी अमेरिकेतील मोंटाना राज्यात थांबलेल्या यानात लुईस बँक्स ही भाषाशास्त्रज्ञ आणि इयन डॉनली हा भौतिकशास्त्रज्ञ यांना पाठविले जाते. यानाचे दार दर अठरा तासांनी उघडते. आत एक पारदर्शक भिंत, भिंतीपलीकडे पांढरे धुके आणि धुक्यात सात पायांचे दोन जीव. इयन त्यांना ॲबट आणि कॉस्टेलो अशी नावे देतो. ही नावे एका जुन्या अमेरिकन विनोदी जोडगोळीची. खेळाडूंची नावे म्हणजेच प्रश्नार्थक सर्वनामे असा घोळ घालून रचलेला त्या जोडीचा एक संवाद प्रसिद्ध आहे; म्हणजे नाव ठेवतानाच चित्रपटकर्त्यांनी गैरसमजाची सूचना देऊन ठेवली आहे. हे जीव धुक्यात शाईसारख्या द्रवाने वर्तुळे उमटवितात. एकेक वर्तुळ हे एकेक संपूर्ण विधान. त्याला आरंभ नाही, अंत नाही. ही लिपी आत्मसात करता करता लुईसची काळाची जाणीवच पालटते, आणि पुढे घडावयाच्या गोष्टी तिला आठवणींसारख्या दिसू लागतात.

पुढे भीतीने पछाडलेले काही सैनिक वरिष्ठांना न विचारता यानात स्फोटके ठेवतात. लुईस आणि इयन यांना याचा पत्ता नसतो. ते नेहमीप्रमाणे आत जातात. परग्रहवासी त्यांच्यापुढे असंख्य चिन्हांचा एक विराट संदेश ठेवतात आणि स्फोटाच्या क्षणभर आधी त्या दोघांना यानाबाहेर लोटून दिले जाते. माणसे वाचतात. नंतर लुईस एकटीच आत जाते, आणि ॲबट कुठे आहे असे विचारते. कॉस्टेलो एक वर्तुळ उमटवितो. इंग्रजी उपशीर्षकात त्याचा जो अर्थ दिला आहे तो व्याकरणदृष्ट्या मोडका आहे. त्यात ॲबटचे नाव आहे, वर्तमानकाळी 'आहे' आहे, आणि 'मरण' व 'प्रक्रिया' असे दोन शब्द जोडून ठेवले आहेत. मध्ये शब्दयोगी अव्यय नाही, क्रियापदाला साजेसा कर्ताही नाही. ॲबट मरणप्रक्रिया आहे, एवढेच.

या एका उत्तराचे मराठी भाषांतर करा, असे मी वर्गाला सांगितले. चौदा विद्यार्थ्यांनी मिळून नऊ वेगवेगळी भाषांतरे केली. 'ॲबट मरत आहे' हे सर्वांत अधिक. 'ॲबटला मरण येत आहे', 'ॲबट मरणपंथाला लागला आहे' हीही होती. एका विद्यार्थ्याने 'ॲबटचे मरण चालू आहे' असे लिहिले. ते मला मूळच्या मोडकेपणाला सर्वांत जवळचे वाटले. आणि एका विद्यार्थिनीने लिहिले, 'ॲबटने मरण पत्करले आहे.'

मी म्हटले, हे भाषांतर नसून भाष्य आहे, आणि अर्धा गुण कापला. ती गप्प बसणारी नव्हती. तिचे म्हणणे असे, की या चित्रपटाचे चाहते सर्वत्र हेच मानतात. याच प्रसंगात कॉस्टेलो सांगतो, की तीन हजार वर्षांनी आम्हाला मानवजातीचे साह्य लागणार आहे, म्हणून आज आम्ही तुम्हाला साह्य करीत आहो. ज्यांना तीन हजार वर्षांपुढचे दिसते त्यांना तीन मिनिटांनी होणारा स्फोट दिसला नसेल काय? म्हणजे ॲबटला ठाऊक होते. ठाऊक असून तो आला, संदेश देईपर्यंत थांबला, माणसांना त्याने बाहेर काढले आणि स्वतः राहिला. याला पत्करणे म्हणावयाचे नाही तर दुसरे काय?

तास संपला तरी वाद संपला नाही. (वादात सर्वच जण ॲबटला 'तो' म्हणत होते, तेही नावाच्या प्रभावामुळे. मराठीत अशा जीवासाठी नपुंसकलिंगी 'ते' वापरावे लागेल; आणि आपल्याकडे 'ते' हे आदरार्थी सर्वनामही आहे. दोन्ही अर्थ एकाच वेळी जागे ठेवणारे असे रूप मूळ इंग्रजीत नाही. मी मात्र सोयीसाठी 'तो'च वापरते.)

चाहत्यांच्या तर्कवितर्कांना आपण समीक्षक मंडळी हलके लेखतो. 'पात्राला अमुक ठाऊक होते काय' असा प्रश्न विचारणे हे बालिशपणाचे लक्षण मानले जाते, कारण पात्राला संहितेबाहेर अस्तित्वच नसते. पण वोल्फगांग इझर यांच्यासारख्या वाचनव्यापाराच्या अभ्यासकांनी संहितेतील रिक्त जागा वाचकच भरीत असतो हे सांगितल्याला आता अर्धशतक होत आले आणि त्यांची अवतरणे आमच्या प्रबंधांतून मुबलक आढळतात. मग चाहते दुसरे काय करीत असतात? आपल्याकडच्या मीमांसकांनी तर या व्यापाराला प्रमाणाचा दर्जा दिला आहे. देवदत्त लठ्ठ आहे आणि तो दिवसा जेवत नाही. अर्थात तो रात्री जेवीत असला पाहिजे. दोन ठाऊक गोष्टींची संगती लागत नसेल तेव्हा ती लावण्यासाठी तिसरी न दिसलेली गोष्ट गृहीत धरणे म्हणजे अर्थापत्ती. माझ्या विद्यार्थिनीचा युक्तिवाद या साच्यात चपखल बसतो.

अशी गृहीते सारखी बळकट नसतात, हेही खरे. रिडली स्कॉट यांच्या 'प्रॉमिथिअस' (२०१२) या चित्रपटाच्या आरंभी एक परग्रहवासी धबधब्याच्या काठी एक काळा द्रव प्राशन करतो, त्याचे शरीर विरघळून पाण्यात मिसळते आणि त्यातून नव्या जीवसृष्टीचे बीज पडते. हे आत्मार्पण की शिक्षा, की विधी, यावर चाहत्यांनी पुष्कळ ऊहापोह केला. तेथे निदान कृती दिसते : पेला त्याच्या स्वतःच्या हातात आहे. 'अरायव्हल'मध्ये पेला दुसऱ्यांनी भरून ठेवलेला आहे. हा फरक त्या दिवशी माझ्या ध्यानात आला नव्हता.

परंपरेकडे वळून पाहिले तर दधीची आणि भीष्म अशी दोन उदाहरणे हाताशी येतात. दधीचीकडे देवांनी अस्थी मागितल्या आणि त्याने दिल्या. मागणी, होकार आणि प्रयोजन, तिन्ही स्पष्ट. भीष्मांचे प्रकरण ॲबटच्या अधिक जवळचे आहे. आपला वध कसा करावा हे त्यांनी स्वतःच पांडवांना सांगितले; दुसऱ्या दिवशी शिखंडी पुढे आला तेव्हा जे घडावयाचे ते त्यांना ठाऊक होते. मात्र महाभारतकार भीष्मांना बोलते करतात. ॲबट काही बोलत नाही. कॉस्टेलोही त्याच्याविषयी हळहळत नाही, कोणाला दोष देत नाही, अभिमानही व्यक्त करीत नाही. एक नाम आणि एक 'आहे' यांपलीकडे संहिता जात नाही.

मूळ कथेकडे गेल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते. चियांग यांच्या कथेत स्फोट नाही. तिच्यातील परग्रहवासी येतात, बोलतात आणि एके दिवशी काही स्पष्टीकरण न देता निघून जातात. ॲबटचे मरण ही पूर्णपणे चित्रपटाची भर आहे. मुलीच्या मृत्यूचे उलट झाले आहे. कथेत लुईसची मुलगी पंचविसाव्या वर्षी गिर्यारोहण करताना अपघाताने मरते. चित्रपटात ती कोवळ्या वयात असाध्य आजाराने जाते. टाळता येण्यासारखा वाटणारा मृत्यू पटकथाकाराने अटळ करून टाकला. तसे केले नसते तर 'आई असून तिने डोंगरावर जाऊ कसे दिले' हा प्रश्न प्रेक्षकाने सोडला नसता. म्हणजे एका मरणातील टाळण्याची शक्यता त्याने काढून घेतली, आणि ज्यात ती ठासून भरलेली आहे असे दुसरे मरण चित्रपटात आणले. या अदलाबदलीकडे चाहत्यांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही.

चियांग यांची कथा एक मार्ग सुचविते. ज्यांना पुढचे सारे ठाऊक आहे ते बोलतातच कशासाठी, असा प्रश्न कथेतच उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर उक्तिकृतींच्या विचारात शोधले जाते. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने दाखवून दिले, की काही उच्चार माहिती देत नाहीत. ते उच्चारल्यानेच कृती घडते. लग्नात काय म्हटले जाणार हे सर्वांना आधीच माहीत असते, पण म्हटल्याखेरीज लग्न लागत नाही. आपल्याकडे अंतरपाटाशी उभ्या असलेल्यांना शेवटचे 'सावधान' कधी येणार हे पुरते ठाऊक असते. तरी ते कानी पडेपर्यंत हातातली माळ हातातच राहते. या दृष्टीने पाहता ॲबटचे यानात येणे हे निवडणेही नव्हे आणि ढकलले जाणेही नव्हे. ठरलेला उच्चार त्याने पूर्ण केला. हे उत्तर मला बुद्धीने पटते. वर्गातही मी ते मोठ्या आत्मविश्वासाने मांडले. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, पण मेला तर तोच ना."

आता संकोचाचे दुसरे कारण.

माझ्या प्रबंधाचा विषय 'बखर वाङ्मयातील मृत्युवर्णने' हा होता. रणात पडलेल्यांविषयी बखरकार 'कामास आले' असे लिहितात. मरणारा उपयोगी पडला, असा त्या प्रयोगाचा शब्दार्थ. या प्रयोगावर मी एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. तो एका क्षणात मृत्यूला अर्थ देतो, आणि 'कोणी मारले', 'कोणाच्या चुकीने मेला' हे प्रश्न वाक्याबाहेर ठेवतो, असे माझे तेव्हाचे प्रतिपादन होते. पानिपतानंतर (१४ जानेवारी १७६१) सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूविषयी खात्रीचे वाक्य कोणाला लिहिता आले नाही, तेव्हा त्या रिकाम्या जागेत केवढे तर्क माजले आणि अखेर तोतयाही कसा उभा राहिला, हेही त्या प्रकरणात आले आहे.

हे सारे मी लिहीत होते तेव्हा आई माझ्याकडे होती. जून २००९ मध्ये ती बार्शीहून पुण्याला आली, कारण माझी मुलगी तीन वर्षांची होती, नोकरी होती, आणि प्रबंध सादर करण्याची मुदत संपत आली होती. सकाळी उठून ती डबे करी, मुलीला बालवाडीत सोडी आणि आणी, संध्याकाळी तिला घेऊन खाली बागेत बसे. मी दार लावून आतल्या खोलीत पानिपतावर. डिसेंबरात प्रबंध सादर झाला. मार्च २०१० मध्ये तोंडी परीक्षा झाली. त्यानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी, कोथिंबीर निवडता निवडता आई म्हणाली, "आता तुझं झालं ना सगळं? मग मला एकदा दाखवून आणतेस का?" डाव्या छातीत गाठ होती. ती केव्हापासून आहे, या डॉक्टरांच्या प्रश्नाला तिने "झाले असतील काही महिने" असे उत्तर दिले. नोव्हेंबरात ती गेली.

तेराव्याला मावशी म्हणाली, "तुझ्या पीएचडीसाठी तिनं अंगावर काढलं." दादानेही तेच म्हटले. मी तेच म्हणू लागले. २०१३ साली प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला तेव्हा अर्पणपत्रिकेत मी लिहिले : 'माझ्या प्रबंधासाठी जिने आपले दुखणे अंगावर काढले त्या आईस.' अनेकांनी हे वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आल्याचे मला कळविले. गेली दहा वर्षे मी या वाक्याच्या आधाराने राहिले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वर्गातील त्या वादानंतर दोन-तीन दिवसांनी मी चित्रपट पुन्हा एकटीने पाहिला आणि स्फोटाच्या प्रसंगापाशी थांबले. चाहते ज्या प्रश्नाभोवती फिरतात तो प्रश्न ॲबटविषयी आहे : त्याला ठाऊक होते काय, त्याने निवडले काय, त्याला पर्याय होता काय. पण यानात स्फोटके ॲबटने ठेवली नव्हती. ती माणसांनी ठेवली. चाहत्यांच्या चर्चेत ते सैनिक जवळजवळ नसतातच. 'त्याने मरण पत्करले' असे वाक्य एकदा लिहिले की कर्ता ॲबट होतो, आणि ज्यांनी मारले ते वाक्यातून बाहेर पडतात. खुनाची देणगी होते. आपण माणसे त्या देणगीचे कृतज्ञ धनी होतो, आणि कृतज्ञता ही अपराधापेक्षा पुष्कळ सुसह्य असते. 'कामास आले' या प्रयोगाविषयी मी प्रबंधात जे लिहिले ते हेच होते. अर्पणपत्रिका त्याच ग्रंथाच्या पहिल्या पानावर छापलेली आहे.

आई एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात वावरत होती. त्या हिवाळ्यात ती वरच्या फळीवरचे डबे काढायला मला हाक मारू लागली होती. "खांदा धरलाय," एवढेच म्हणे. मी डबा काढून देत असे आणि आत जात असे. तिला ठाऊक होते, तिने ठरवून लपविले, असे मानले तर माझे न पाहणे हा तिच्या योजनेचा भाग ठरतो. तिला ते हवेच होते. तिला ठाऊक नव्हते, किंवा अर्धवट ठाऊक होते आणि बोलावे असे कोणी तिच्याजवळ बसले नव्हते, असे मानले तर ते नुसते न पाहणेच उरते. पहिला अन्वयार्थ आम्ही सर्वांनी किती तत्परतेने उचलला, हे आता मला दिसते. मराठीतील 'अंगावर काढणे' हा प्रयोग तसा प्रांजळ आहे. उपचाराविना दुखणे सोसले, एवढेच तो सांगतो. 'माझ्यासाठी' हे त्याला आम्ही जोडले.

हे मी वर्गात सांगितले नाही. सैनिकांविषयीचा मुद्दा मात्र मांडला. माझी अशी अपेक्षा होती की विद्यार्थिनी निरुत्तर होईल. ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, सगळं परत माणसांचंच झालं. चूक माणसांची, पश्चात्ताप माणसांचा. ॲबटचं स्वतःचं काहीच उरलं नाही." क्षणभर थांबून तिने असेही विचारले, की लुईसला मुलीचे मरण आधी दिसते, तरी ती तिला जन्म देते, त्याला आपण निर्णय म्हणतो. मग ॲबटला तेवढा मान का द्यावयाचा नाही? तो माणूस नाही म्हणून?

या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. आईने काही ठरविले असेल, तर ते ठरविणे तिचे होते. माझ्या अपराधभावाला जागा हवी म्हणून तिला अजाण ठरविण्याचा अधिकार मला कोणी दिला? तिने छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले होते. वर्तमानपत्र ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचीत असे. छातीतली गाठ म्हणजे काय असू शकते हे तिला कळत नव्हते, असे म्हणणे हाही तिचा अपमानच. दुसरीकडे, पुढे ढकलणे हा तिचा आयुष्यभराचा स्वभाव होता हेही मला विसरता येत नाही. मिक्सर दुरुस्तीला टाकणे, चष्म्याचा नंबर तपासणे, बहिणीकडे जाऊन राहणे, सगळे 'तुझं झालं की' या एकाच खुंटीला टांगलेले असे. गाठही त्याच खुंटीला टांगली असेल. त्याला त्याग हे नाव द्यावे की सवय?

त्याच वर्षी दिवाळीत दादाने बार्शीच्या घराचा माळा आवरला, आणि आईच्या हिशोबाच्या वह्या माझ्याकडे पाठविल्या. माझ्याकडे राहायला आली तेव्हाची वहीही त्यांत होती. अक्षर शाळामास्तरणीचे, ठळक आणि सुटे. ९ सप्टेंबर २००९ या तारखेखाली चार नोंदी आहेत. मुलीची चप्पल ११०. कागद २ रिम २८०. डॉ. १५०. आणि त्याखाली, रकमेविना, 'चिठ्ठी ठेवली'.

बखरींच्या हस्तलिखितांतील पुसट अक्षरे लावण्यात माझी उमेद गेली, पण या दोन शब्दांपुढे मी जितकी बसले तितकी कोणत्याही पोथीपुढे बसले नसेन. कोणत्या डॉक्टरांची? त्या सुमारास मुलीला ताप येऊन गेला होता. तिचीच असू शकेल. आईचा गुडघा दुखे, त्याचीही असेल. 'ठेवली' म्हणजे जपून ठेवली, की बाजूला ठेवली? ठेवली म्हणजे पुढच्या तपासण्या केल्या नाहीत, असे तिने स्वतःशी लिहून ठेवले? चिठ्ठी त्या वह्यांत नाही. तिच्या ट्रंकेत नाही. देवदत्ताच्या उदाहरणात एक सोय अशी आहे, की तो लठ्ठ आहे हे सर्वांना दिसते. येथे लठ्ठ काय आहे हेच निश्चित नाही.

वही घेऊन मी मावशीकडे गेले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. डोळ्यांनी कमी दिसते. मी तिला नोंद वाचून दाखविली आणि विचारले, "मावशी, आईला ठाऊक होतं का गं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी इथं होते, बाई. तू तिच्याजवळ होतीस." तिच्या स्वरात ठपका नव्हता. नंतर तिने चहा ठेवायला सुनेला सांगितले, आणि माझ्या मुलीच्या बारावीची चौकशी केली.

ग्रंथाची दुसरी आवृत्ती आता निघत आहे. अर्पणपत्रिकेचे मुद्रित माझ्यासमोर आहे. मी त्यातील 'माझ्या प्रबंधासाठी' हे दोन शब्द खोडले होते. उरलेले वाक्य 'जिने आपले दुखणे अंगावर काढले त्या आईस' असे होते. मुद्रितशोधकाने समासात प्रश्नचिन्ह करून लिहिले आहे : 'शब्द चुकून गळले आहेत काय? पहिल्या आवृत्तीत होते.' चार दिवस झाले, ते पान मी अद्याप परत पाठविलेले नाही.

त्या विद्यार्थिनीचा अर्धा गुण मात्र मी तिला सत्राअखेरीस परत दिला. तिचे भाषांतर बरोबर आहे असे मला अजूनही वाटत नाही.